गाडीला गप्प बसवणारे घरमालक

विमान आलं की आमचे घरमालक बोलायचे थांबायचे. वाक्य संपवून नव्हे हं, जिथे असतील तिथेच. समजा "पाण्याची मोटर सकाळी सातच्या" एवढं बोलून झालंय आणि डोक्यावरून लोहगावचं लढाऊ विमान गेलं, तर ते उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि तसेच उभे राहायचे. समोरच्यानंही तसंच उभं राहायचं. विमान जाऊन, त्याच्या मागे रेंगाळणारी घरघर जाऊन, गल्लीतली कुत्री गप्प झाली की बोट खाली यायचं आणि वाक्य पुढे सुरू व्हायचं. "आत लावायची नाही." नव्या माणसाला वाटायचं, ह्यांना काहीतरी झटका आला. मला सवय झाली. पुढे पुढे तर मीसुद्धा भाजी चिरताना विमान आलं की विळीवर हात तसाच धरून बसायची.

ही सगळी गोष्ट येरवड्याची. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ निघाले होते, आणि आमच्या आसपासच्या मोकळ्या जागांवर कॉम्प्युटरच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या, त्या वर्षांतली. आता तुम्ही म्हणाल, आवाजाचं इतकं वावडं असलेला माणूस विमानांच्या वाटेखाली घर कशाला बांधतो? मीही विचारलं होतं एकदा. म्हणाले, "प्लॉट घेतला तेव्हा इथे फक्त तुरुंग आणि वेड्यांचं इस्पितळ होतं. तुरुंगाइतका शांत शेजार पुण्यात दुसरा नाही. विमानं नंतर वाढली. विमानतळाला काही जागा खाली करायची नोटीस देता येत नाही."

गल्ली त्यांना काका म्हणायची, मग मीही काका म्हणायची, आणि त्यांच्या बायकोला काकू. ते मला 'बाई' म्हणायचे. मी शिवणकाम करायची. सातवीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं हातानं आणि डोळ्यानं शिकले. आम्ही मूळचे अकोल्याकडचे. माझ्या मिस्टरांना नगर रोडच्या एका कारखान्यात काम लागलं म्हणून पुण्यात आलो. पण जागा मिळेना. घरमालक आधी आडनाव विचारायचे, मग भिंतीवर कुणाचा फोटो लावणार ते विचारायचे, आणि मग त्यांच्या एकदम लक्षात यायचं की अरे, जागा तर कालच कुणाला तरी दिली. असं बऱ्याच ठिकाणी झालं. शेवटी कुणीतरी ह्या काकांचं खालचं घर रिकामं आहे असं सांगितलं, आणि सांगताना हसलं.

गेलो. फाटक उघडलं तर आवाजच आला नाही. पुण्यात लोक फाटकावर पाट्या लावतात. ह्यांनी फाटकालाच नमदा, म्हणजे जाड दाबलेली लोकर, चिकटवला होता. काका व्हरांड्यात उभे. उंच, किडकिडीत, कानांवर केस वाढलेले. आडनाव विचारलंच नाही.

"शिवणयंत्र पायाचं की मोटरचं?"

"पायाचं," मी म्हणाले.

"तेल कधी घालता?"

"दर शनिवारी."

"बरं. घोरतं का कुणी?"

मिस्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, खोटं कशाला बोला, उद्या कळणारच. "हे घोरतात."

"कुठल्या कुशीवर?"

"उताणे झोपले की."

"मग कुशीवर झोपा," ते मिस्टरांना म्हणाले. "भिंतीला खिळे मारणार?"

मला वाटलं, आला तो प्रश्न. "एकच मारणार. बुद्धांच्या फोटोसाठी."

"कधी?"

"म्हणजे?"

"किती वाजता मारणार? सकाळी विमानं जातात तेव्हा मारा. एका गोंगाटात दोन कामं होतील."

झालं, मिळालं घर. आमचं आडनाव त्यांना कळलं ते करार करताना. ते त्यांनी नीट लिहिलं, शाईवर फुंकर मारली आणि टोपण लावलं. आता मी त्यांना थोर वगैरे म्हणत नाही बरं का. त्यांना माणसांचं तसं काही पडलेलंच नव्हतं. आवाज करणारे आणि आवाज न करणारे, एवढ्या दोनच जाती त्यांना ठाऊक होत्या. आम्ही दुसऱ्या जातीत बसलो, एवढंच.

त्यांचा जन्म टेलिफोन खात्यात गेला होता. लाइनी तपासायचं काम. कानाला हेडफोन लावून बसायचं आणि कुठल्या तारेत खरखर आहे, कुठल्यात गुणगुण आहे, ते ऐकायचं. मग नवी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजं आली आणि ह्यांच्या कानांना काम उरलं नाही. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन घरी बसले. पण कान काही निवृत्त झाले नाहीत. घरात खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे मोजे. डब्यांच्या झाकणांखाली सुती चिंध्या. स्टीलची ताटं एकावर एक ठेवायची नाहीत, मध्ये फडकं हवं. घड्याळ फक्त सेलवरचं, आणि तेही न्हाणीघराबाहेरच्या कोनाड्यात. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "आवाज म्हणजे कुठेतरी काहीतरी सैल आहे." पंख्याला लावायचे, नळाला लावायचे आणि माणसांनाही लावायचे. गल्लीत कुणी भांडायला लागलं की खिडकी लावून घेताना म्हणायचे, "सैल आहे."

काकू त्यांच्या उलट. बुटक्या, गुटगुटीत, तोंडानं तिखट. पण त्यांचं एक दुखणं होतं. डाव्या कानात सतत आवाज यायचा. मला त्यांनी समजावून सांगितलं होतं, "कुकरची शिट्टी व्हायच्या आधी तो कसा फुसफुसतो, तसा. फक्त शिट्टी कधी होत नाही." मधूनच चक्करही यायची. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, ह्याच्यावर औषध असं काही नाही, सवय करून घ्या. मोठ्या आवाजापासून मात्र जपा. त्यातलं काकांनी शेवटचं वाक्य तेवढं उचललं.

काकूंच्या एक मोठ्या बहीण वाईला राहायच्या. ह्या दोघींची आई लवकर गेली, तेव्हा ताईंनीच काकूंना वाढवलं, वेणीफणी केली, लग्न लावून दिलं. आता त्या ऐंशीच्या पुढे होत्या, प्रवास होण्यातला नव्हता, कानांनीही कमी ऐकू यायचं. दर रविवारी फोन. काकू फोनमध्ये ओरडायच्या, पलीकडून ताई ओरडायच्या, आणि काका तेवढा वेळ अंगणात जाऊन उभे राहायचे. ताईंचं एकच पालुपद, "कधी येतेस?"

एकदा काकू निघाल्या होत्या, काकांबरोबर एसटीनं. शिरवळपर्यंत पोचल्या आणि गरगरायला लागलं, ओकाऱ्या सुरू झाल्या. तिथेच उतरून दोघं परत आले. काकांचं निदान जागच्या जागी तयार: एसटीच्या खिडक्यांचा खडखडाट. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "तुला ताईकडे मी आपल्या गाडीनं नेणार." आणि जन्मात कधी स्कूटरच्या पुढे न गेलेल्या ह्या माणसानं चालवायला शिकून कुणाची तरी वापरलेली छोटी पांढरी गाडी घेतली. त्या काळात गल्लीत जी तीन-चार घरं वर आली, त्या सगळ्यांकडे तीच गाडी असायची. काकूंना आनंद झाला. ताईंना फोनवर ओरडून सांगून झालं. पण गाडी घरी येताना काका ती चालवत आले, आणि उतरले ते मान हलवतच. "हिच्यात माणूस नेता येणार नाही. आधी हिला गप्प करायला पाहिजे."

त्याला दोन वर्षं लागली. नुसती लागलीही म्हणता येणार नाही. संपलंच नाही ते काम.

पद्धत त्यांची त्यांनी बसवलेली. आधी गाडीचा पत्रा बोटांच्या पेरांनी वाजवून बघायचा, बाजारात आपण माठ वाजवून घेतो तसा. 'ढण्ण' वाजला की तो पत्रा नापास. मग सीटा काढायच्या, गालिचा काढायचा, पत्रा रॉकेलनं पुसून कोरडा करायचा आणि त्यावर डांबरी कागद चिकटवायचा, गच्ची गळू नये म्हणून घालतात तो. काकूंची इस्त्री फिरवून तो मऊ करायचा आणि काकूंच्याच लाटण्यानं दाबून बसवायचा. पुन्हा वाजवायचं. 'ठक' आलं की पास. त्यावर नमदा, नमद्यावर मी शिवून दिलेली जाड कापडाची गादी. म्हणजे त्या गाडीत माझाही हात आहे. लाटणं परत आल्यावर काकू म्हणाल्या, "आज पोळीला नगर रोडचा वास येतोय." काकांनी एक घास खाऊन नीट विचार केला आणि म्हणाले, "वास येतोय. आवाज नाही ना येत?" त्या एप्रिलमध्ये ऊन लागून डांबर पाघळलं. काका सीटवरून उठले आणि पँट तिथेच राहायच्या बेतात होती. तरी त्यांनी डांबराला दोष दिला नाही. "उन्हाळा जास्त आहे," म्हणाले.

आवाज शोधायचा तर गाडी चालती पाहिजे, आणि चालवणाऱ्याला ऐकता येत नाही. म्हणून त्यांनी मला गाडी शिकवली. मला! मिस्टर म्हणाले, शीक, फुकट मिळतंय. शिकवणं त्यांचं असं: "क्लच असा सोडायचा, जसं झोपलेलं मूल खाली ठेवतोय." "ब्रेक असा दाबायचा, की गाडीला कळता कामा नये." मी विचारलं, "आणि हॉर्न?" तर म्हणाले, "तो दुसऱ्यांसाठी असतो. आपण वाजवायचा नाही." मी आजही गाडीत बसले की आमच्या सुनेला सांगते, अगं क्लच असा टाकू नकोस, मूल जागं होईल. ती म्हणते, आई, ही ऑटोमॅटिक आहे, हिला क्लच नाही.

तर मी चालवायची, आणि काका मागे. मागची सीट काढलेली असायची. ते पत्र्यावर पालथे झोपायचे, कानात डॉक्टरची नळी, नळीचं दुसरं टोक पत्र्याला टेकवलेलं. तसे आम्ही नगर रोडला लागलो होतो आणि हवालदारानं हात केला. त्यानं खिडकीतून मला बघितलं, मग मागे बघितलं.

"बाई, ह्यांना काय झालंय?"

"काही नाही. ऐकतायत."

"काय ऐकतायत?"

"गाडी."

हवालदार वाकला. "ओ आजोबा, बरे आहात ना?"

मागून फक्त एक हात वर आला. "श्श! बाई, इंजिन बंद करू नका. जवळजवळ सापडलंय."

हवालदार सरळ झाला. "कुठून आलात?"

"येरवड्याहून."

"वाटलंच," तो म्हणाला आणि जा म्हणून खूण केली.

काकांची कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. वरच्या आळीत एक कॉम्प्युटरवाला मुलगा राहायला आला होता. त्यानं नवी गाडी घेतली, त्यात मोठमोठे स्पीकर बसवले, आणि एका रविवारी तो काकांकडे आला. "काका, डोअर्स व्हायब्रेट होतात, त्यामुळे बेस प्रॉपर येत नाही. डॅम्पिंग करून द्याल का?"

काकांनी त्याला आधी खुर्चीत बसवलं. "तुम्हाला आवाज कमी करायचाय की जास्त?"

"बाहेरचा कमी, आतला जास्त."

"आतला कशाला जास्त?"

"म्हणजे, म्युझिक एन्जॉय करायला, ॲक्च्युअली."

"मग घरी बसून करा. गाडी जायला असते."

मुलगा गेला. काका मला म्हणाले, "दार वाजवून बघितलं त्याचं, तो आत यायच्या आधी. ढण्ण वाजतंय. पण सैल दार नाही, पोरगा आहे." आता बघा, ज्या माणसाची गाडी कधी नगर रोडच्या पुढे गेलेली नव्हती, त्यानं हे म्हणावं, की गाडी जायला असते! काकूंनी आतून ऐकलं. हातातलं पातेलं त्यांनी ओट्यावर जरा जोरात ठेवलं.

त्या पावसाळ्यात काम संपल्यासारखं झालं होतं. ताईंना तसा फोनही गेला. आणि गाडीत नवीनच आवाज निघाला. वळण घेतलं की डुचूक, ब्रेक लावला की डुचूक. मी चालवतेय, काका पालथे, डुचूक काही सापडेना. जाणं पुन्हा पुढे ढकललं. शेवटी काकांच्या ध्यानात आलं. गाडीच्या दारांना खालच्या कडेला बारीक भोकं असतात, आत गेलेलं पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. भोक म्हणजे आवाजाला वाट, असा हिशेब करून काकांनी ती सगळी डांबरानं बुजवून टाकली होती. दारांत पाणी साठून हिंदकळत होतं. त्यांनी पेचकसानं एक भोक मोकळं केलं, तर धार थेट त्यांच्या चपलांवर. सगळं पाणी जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले, आणि म्हणाले, "चला. एक आवाज कमी झाला."

काकू दुपारी माझ्याकडे येऊन बसायच्या. मी यंत्र चालवायची, त्या शेजारी पाटावर बसून मटार सोलायच्या, गहू निवडायच्या. मी थांबले की म्हणायच्या, "चालव गं पोरी, चालव." मला वाटायचं, मी कामाची खोटी करू नये म्हणून म्हणतात. त्यांच्या घरात पंखा डिसेंबरातही फुल असायचा, काका चरफडायचे. मग एक दिवस काकांनी काकूंना गाडीतून धानोरीपर्यंत चक्कर मारून आणली, परीक्षा म्हणून. परत आल्या त्या थेट माझ्याकडे. चेहरा पांढरा पडलेला. मी पाणी दिलं. "गाडी लागली का?"

"नाही गं. गाडी कसली लागते? गाडीत काही आहेच कुठे?" त्यांनी डावा कान तळहातानं दाबला. "आत बसलं की दुसरं काहीच ऐकू येत नाही. फक्त हा. एरवी तुझं यंत्र असतं, पंखा असतो, विमानं असतात. विमान गेलं ना पोरी, की मला घटकाभर बरं वाटतं. त्यात हा बुडतो. ह्या गाडीत तो एकटा, आणि मी."

"मग एसटीत झालं ते?"

"एकादशी होती. पोटात अन्नाचा कण नाही, वर डिझेलचा वास. आवाजाचा काय संबंध? निदान ह्यांनी केलं, मी नाही."

"अहो, मग काकांना सांगा की."

"दोन वर्षं माणूस पालथा पडलाय त्या पत्र्यावर. काय सांगू? आणि सांगितलं तर हे काय करतील, माहितेय? घरात चार पंखे जास्तीचे बसवतील आणि त्यांची परीक्षा घेत आणखी दोन वर्षं काढतील. तोवर ताई कुठली राहायला?"

"एसटीनं जाऊ आपण दोघी. मी येते."

"तेही बोलून झालं. एसटी म्हटलं की ह्यांचा चेहरा असा होतो, जसं काही मी कायमचीच माहेरी चाललेय." त्या उठल्या, पदर झटकला. बाहेर काका वाट बघत उभेच होते. "कशी वाटली?" त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "छान आहे. छानच आहे." काका समाधानानं मान हलवत गाडीकडे गेले, आणि लगेच परत आले. "डॅशबोर्डमध्ये बारीक कुरकुर आहे. ती तेवढी काढतो."

आज काकाही नाहीत, काकूही नाहीत. लोक मला विचारतात, अशा माणसाबरोबर ती बाई राहिली कशी? मी काय सांगणार? मी खालच्या घरात राहायची. वरून कधी भांडणाचा आवाज आला नाही, एवढं सांगू शकते. पण त्या घरातून आवाज कुठलाच येत नसे, त्यामुळे तोही काही पुरावा नव्हे.

डॅशबोर्ड उघडून ठेवलेला होता त्याच आठवड्यात वाईहून फोन आला. रविवार नव्हता. मी तेव्हा वरच होते. ताईंच्या सूनबाई बोलत होत्या. ताई मोरीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ह्या वयात ऑपरेशन नको असं डॉक्टर म्हणतात. अन्न जात नाही. सारखं काकूंचं नाव घेतात. काकूंनी फोन ठेवला आणि कपाटातून पिशवी काढली.

काका म्हणाले, "परवापर्यंत डॅशबोर्ड बसतोय. परवा सकाळी..."

"तुम्ही परवा या," काकू म्हणाल्या. "मी आत्ता निघते. पोरी, रिक्षा बघतेस का? स्वारगेटला जायचंय."

त्या ओरडल्या नव्हत्या. रोजच्याच आवाजात बोलल्या होत्या. काका अंगणात गेले आणि डॅशबोर्ड हातानंच दाबून दोन स्क्रूंवर बसवला. "चला," म्हणाले. काकूंना चक्कर आली तर धरायला कुणीतरी हवं म्हणून मी मागे, परत बसवलेल्या सीटवर बसले.

तशी शांत गाडी मी आधी कधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. शेजारून ट्रक गेला तर तो दिसायचा, ऐकू यायचा नाही. स्वारगेटची सगळी गर्दी काचेपलीकडे तोंडं हलवत होती. काका खूश होते. ताईंची काळजी असेल, पण खूशही होते. खोटं कशाला सांगू? मधूनच म्हणायचे, "बघितलंस? काही म्हणजे काही नाही." काकू समोर बघत होत्या. पदराचा बोळा करून त्यांनी डाव्या कानाशी धरला होता, आणि दुसरा हात दाराच्या कडीवर आवळलेला. कात्रजचा बोगदा मागे पडला आणि त्या म्हणाल्या, "थांबवा."

"का? आवाज येतोय? कुठून? दारातून की खालून?"

"थांबवा म्हटलं ना!"

काकांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि सवयीनं कान डॅशबोर्डकडे नेला.

"तिकडे काय ऐकता?" काकू म्हणाल्या. "गाडीत नाहीये आवाज. माझ्या कानात आहे. तुम्ही बाकीचं सगळं बंद केलंत की तो एकटाच उरतो. मग त्याच्याशिवाय जगात दुसरं काही राहत नाही. मला आवाज हवा असतो हो. बाहेरचा, कसलाही. त्या दिवशी तुम्ही फिरवून आणलंत, तेव्हापासून मी ह्या गाडीला घाबरते."

काकांनी कान डॅशबोर्डपासून मागे घेतला. मग म्हणाले, "हे सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कधी? तुम्ही विचारलंत, गाडी कशी वाटली."

मला तिथे बसणं नकोसं झालं, पण मागच्या दारांच्या कड्या त्यांनी बाहेरूनच उघडतील अशा करून ठेवल्या होत्या. उतरणार कशी? बसले. काकूंनी पदर कानाशी धरलेलाच होता. काकांनी एकदा त्या पदराकडे बघितलं, एकदा काकूंकडे. आणि मग, मला वाटतं एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी विचारलं, "कसा आहे? बारीक की जाड?"

"बारीक."

"चढउतार?"

"नाही. एकसारखा. ताण आला की वर चढतो."

"आत्ता वर आहे?"

"खूप वर आहे."

काकांनी आपल्या बाजूची काच खाली केली. हायवेचा आवाज आत आला. "आता?"

"जरा कमी."

त्यांनी हात लांब करून काकूंची काच उतरवली. "बाई, तुमच्याही काढा." माझ्या काचा खालून नमद्यात अडकलेल्या, त्या मी ओढून ओढून खाली केल्या. "आता?"

"आता बरं."

पण ते उतरले. मागे जाऊन त्यांनी डिकी उघडली. गाडीची हत्यारं तिथे मी शिवलेल्या जाड पिशवीत, प्रत्येक पाना वेगळ्या खणात, अशी ठेवलेली असायची. त्यांनी ती पिशवी उलटी केली. पाने, पकड, पेचकस, सगळं डिकीत पसरलं. खालचा नमदा ओढून काढला, गुंडाळला आणि झाडीत टाकून दिला. परत येऊन गाडी सुरू केली. खड्डा आला आणि मागे खळ्ळकन वाजलं. तोंडावर वाकडी रेघ उमटली त्यांच्या, दात दुखल्यासारखी. पण विचारलं, "हा चालतो का? की जॅकही मोकळा करू?"

"करा," काकू म्हणाल्या.

पुन्हा थांबलो. जॅकही मोकळा झाला.

मग काय विचारता! खंबाटकीच्या घाटात आमची गाडी भांड्यांच्या हातगाडीसारखी वाजत होती. डॅशबोर्ड दोन स्क्रूंवर थडथडत होता. वाऱ्यानं माझे केस सुटले. काकूंचा पदर कानावरून खाली आला, कडीवरचा हात सुटला. त्या बोलायला लागल्या. ताई त्यांना नदीवर कशी न्यायची, वेणी घालताना कशी ओढायची, असं काय काय. काकांना ऐकू जाईना. "काय?" ते ओरडायचे. काकू पुन्हा ओरडून सांगायच्या. काकांना ओरडताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. आवाज बारीक निघाला, न वापरलेल्या वस्तूसारखा. दर थोड्या वेळानं ते विचारत, "पुरतोय ना?" आणि काकू म्हणत, "पुरतोय!"

वाईला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ताई बाजेवर होत्या, इतक्या लहान झालेल्या की पांघरुणाखाली कुणी आहे असं वाटेना. डोळे मात्र जागे. काकू बाजेशी बसल्या, त्यांचा हात हातात घेतला.

"आलीस?" ताई म्हणाल्या. आवाज अजून खणखणीत होता. "किती उशीर केलास गं! केव्हापासून येते येते म्हणत होतीस."

काकूंनी मागे वळून बघितलं नाही. ताईंच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "गाडी दुरुस्त होत होती, ताई."

"काय?"

"गाडी! दुरुस्त होत होती!"

काका उंबऱ्याशी चपला काढत होते. ते आत आले, बाजेच्या दुसऱ्या बाजूला गुडघ्यांवर बसले आणि ताईंच्या कानाशी तोंड नेऊन, बाहेर गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "दुरुस्त होत नव्हती, ताई! मी बिघडवत होतो!"

ताईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "मग आता?"

"आता वाजते!" काका ओरडले. "चांगली वाजते!"